खिशात मावणारी धार

फ्रान्समध्ये कुणी मित्राला चाकू भेट दिला, की घेणारा आधी आपले खिसे चाचपतो आणि देणाऱ्याच्या तळहातावर एक नाणं ठेवतो. नाणं कितीचं आहे याला महत्त्व नाही. इंग्लंड-जर्मनीतही ही रीत आहे. धारेची वस्तू फुकट घेतली तर मैत्री कापली जाते, ही त्यामागची समजूत. नाणं दिलं की भेटीची खरेदी होते आणि नातं शाबूत राहतं. काही देणारे तर चाकूच्या खोक्यात एक नाणं आधीच घालून ठेवतात, म्हणजे घेणाऱ्याची पंचाईत होत नाही.

आपल्याकडेही रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होतं, असं आज्या सांगत आल्या आहेत. आणि त्याच घरांत खंडेनवमीला विळी, कोयता, सुरी घासूनपुसून पाटावर मांडली जाते, तिला हळदकुंकू लागतं. धारेचा धाक आणि धारेचा मान एकाच घरात सुखाने नांदतात.

गेल्या दोन-तीन दशकांत मराठी घरांत एक नवी धार आली. स्वित्झर्लंडची सहल करून आलेला मामा, पॅरिसला कामानिमित्त गेलेली बहीण, लंडनला शिकणारा भाचा यांच्या बॅगेतून मिटवता येणारा छोटा चाकू घरी येतो. तो बहुतेक वेळा घाईत घेतलेला असतो. दुकानाच्या काचेआड जो अधिक चमकतो, ज्यात अधिक अवजारं आहेत, तो निवडला जातो. वर्षभरात तो कपाटातल्या डब्यात जातो आणि तिथेच राहतो.

खरं तर चाकू ही फार वेगळी भेट आहे. घड्याळ दिलं की ते चालू लागतं, शाल दिली की ती पांघरता येते. चाकू मात्र घेणाऱ्याला सांभाळावा लागतो. तो पुसावा लागतो, त्याला तेलाचा थेंब द्यावा लागतो, महिन्या-दोन महिन्यांनी धार लावावी लागते. म्हणून चांगल्या चाकूची निवड दोन प्रश्नांपासून सुरू होते. तो कोणाच्या हातात जाणार? आणि त्याची जेवढी निगा लागेल, तेवढी तो हात राखणार का?

दुकानात काय पाहायचं

मिटवता येणारा चाकू म्हणजे मोजक्या भागांचं यंत्र. एक पातं, पात्याचा बुडखा ज्या खिळीभोवती फिरतो ती खीळ, मुठीच्या पाठीकडून त्या बुडख्यावर दाब देणारी पोलादी स्प्रिंग, आतल्या धातूच्या पट्ट्या आणि बाहेरून मुठीचं लाकूड, शिंग किंवा प्लॅस्टिक. जुन्या पद्धतीच्या चाकूत कुलूप नसतं. उघडं पातं आणि मिटलेलं पातं, दोन्ही केवळ स्प्रिंगच्या दाबाने जागेवर राहतं. त्यामुळे चाकूचा दर्जा कळतो तो या स्प्रिंगच्या वागण्यात.

पारखायला फार वेळ लागत नाही. पातं नखाच्या खाचेत धरून सावकाश उघडावं. दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा लागला पाहिजे आणि पूर्ण उघडताना स्पष्ट 'खट्' असा आवाज यायला हवा. इंग्रज आणि अमेरिकन कारागीर या चालीला आणि आवाजाला 'वॉक अँड टॉक' म्हणतात आणि चाकू हातात घेतल्यावर पहिल्यांदा तेच तपासतात. मग उघडं पातं चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावं. ते डुललं तर खीळ सैल आहे आणि वापराने ती आणखी सैल होणार. चाकू मिटून वरून पाहावं. पातं दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध बसलेलं असावं, टोक मुठीच्या कडेपेक्षा खाली दडलेलं असावं. वर राहिलेलं टोक खिसा फाडतं आणि बोटही. शेवटी मिटलेला चाकू उजेडासमोर धरावा. स्प्रिंग आणि पट्टी यांच्या फटीतून प्रकाश दिसला, तर जोडकाम ढिलं आहे.

या परीक्षेचा किमतीशी संबंध नाही. स्वस्त चाकू तिच्यातून सहज पार होऊ शकतो आणि मखमली खोक्यातला महागडा चाकू नापास होऊ शकतो.

इबाखचा लाल चाकू

सगळ्यांच्या ओळखीचा लाल चाकू येतो स्वित्झर्लंडच्या श्विझ प्रांतातल्या इबाख गावातून. कार्ल एल्सेनर याने १८८४ मध्ये तिथे आपला कारखाना काढला. त्या काळात स्विस सैन्याला नवी रायफल मिळाली होती. ती उघडून साफ करायला पेचकस लागे आणि शिधा डब्यांतून येत असल्यामुळे डबे फोडण्याचं अवजारही हवं होतं. दोन्ही कामं करणारा सैनिकी चाकू ठरला, पण त्याची पहिली खेप जर्मनीतल्या सोलिंगेनहून आणावी लागली. आपल्या सैनिकाच्या खिशातला चाकू आपल्याच देशात बनावा, या जिद्दीने एल्सेनरने १८९१ पासून सैन्याला पुरवठा सुरू केला. जर्मन कारखान्यांच्या दरांशी झगडताना तो कर्जात बुडाला, पण मागे हटला नाही.

त्याला तारलं ते दुसऱ्या चाकूने. १२ जून १८९७ रोजी त्याने 'अधिकारी आणि क्रीडा चाकू' नोंदवला. त्याची कल्पना आजही थक्क करते. एकाच स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंना अवजारं बसवली, त्यामुळे मूठ जाड न होता दुप्पट अवजारं मावली. पाठीमागे बुचाचा स्क्रू आला, पुढे दुसरं छोटं पातं आलं. १९०९ मध्ये आईच्या निधनानंतर त्याने तिचं व्हिक्टोरिया हे नाव आपल्या मालाला दिलं. १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद वापरात आलं आणि फ्रेंचमधला 'इनॉक्स' हा शब्द जोडून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव तयार झालं. 'स्विस आर्मी नाइफ' हे नाव मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी रूढ केलं. मूळ जर्मन नाव त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानाच्या केबिनमध्ये चाकू न्यायला बंदी आली. विमानतळावरच्या दुकानांतली विक्री एका रात्रीत आटली. तेव्हा कंपनीने माणसं कमी केली नाहीत; काही कामगारांना काही काळासाठी आसपासच्या उद्योगांत कामाला पाठवलं. २००५ मध्ये तिने देलेमाँची जुनी प्रतिस्पर्धी वेंगर ही कंपनी विकत घेतली.

भेट म्हणून हा चाकू घेताना बहुतेकांची चूक होते ती जाडीच्या बाबतीत. वेंगरने एकदा ८७ अवजारांचा एक चाकू बनवला होता आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. तो संग्रहातली वस्तू म्हणून ठीक. खिशात काय, मुठीतही तो धरवत नाही. रोजच्या वापराला दोन थरांचा, ९१ मिलिमीटर लांबीचा 'स्पार्टन' बहुतेकांना पुरतो. त्यात मोठं आणि लहान पातं, डबा आणि बाटली उघडण्याची अवजारं, टोच्या, बुचाचा स्क्रू, चिमटा आणि दातकोरणं एवढं असतं. ज्या घरात वाइनची बाटली येतच नाही, तिथे 'टिंकर' द्यावा. त्यात बुचाच्या स्क्रूच्या जागी चौफुलीचा पेचकस आहे आणि मिक्सरपासून खेळण्यापर्यंत घरातला प्रत्येक स्क्रू त्याने फिरतो. ज्याला चाकू बाळगायची सवयच नाही, त्याच्यासाठी ५८ मिलिमीटरचा 'क्लासिक'. किल्ल्यांच्या जुडग्यात तो राहतो आणि त्यातली चिमुकली कात्री पात्यापेक्षा जास्त वापरली जाते.

या चाकूंचं पोलाद मुद्दाम फार कडक ठेवलेलं नसतं. रॉकवेल मोजपट्टीवर ते साधारण ५६ भरतं. धार लवकर उतरते, हे खरं. पण स्वयंपाकघरातल्या साध्या निसण्यावर ती पाच मिनिटांत परत येते. चाकूचा नाद नसलेल्या माणसासाठी हाच मोठा गुण आहे.

साव्हुआचं लाकूड

आल्प्सच्या फ्रेंच बाजूला, साव्हुआ प्रांतात, सेंट-जाँ-द-मोरियेन गावाजवळच्या एका वाडीत जोझेफ ओपिनेल याचं घराणं शेतीची अवजारं बनवत असे. १८९० मध्ये त्याने शेतकऱ्यांसाठी एक खिशातला चाकू बनवला. त्यात काढून टाकण्याजोगं काही उरलंच नव्हतं. बीच लाकडाची गोल मूठ, तिला करवतीने पाडलेली एक फट, एक पातं, एक खीळ आणि मुठीच्या तोंडाशी एक धातूची टोपी. १८९७ मध्ये त्याने १ ते १२ क्रमांकांची मालिका काढली. त्यातले १ आणि ११ क्रमांक पुढे बंद पडले. पहिला फारच लहान होता आणि अकरावा शेजारच्या दोघांहून वेगळा नव्हता. ८ क्रमांकाचा चाकू, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, आज सर्वाधिक हातांत दिसतो. पात्यावर मुकुट घातलेला हात कोरलेला असतो. हात सेंट-जाँ-द-मोरियेनच्या नगरचिन्हातला, मुकुट साव्हुआच्या जुन्या राजघराण्याचा. हे चिन्ह १९०९ मध्ये नोंदवलं गेलं.

१९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने टोपीवर एक फिरती कडी बसवली. पातं उघडून कडी थोडी फिरवली, की ते मागे मिटत नाही. या कडीला 'व्हिरोब्लॉक' म्हणतात. बोटं वाचवणारा इतका साधा उपाय चाकूंच्या जगात क्वचितच सापडेल. १९८५ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने उत्तम रचनेच्या शंभर वस्तूंत या चाकूला जागा दिली.

ओपिनेल कार्बन पोलादात मिळतो आणि न गंजणाऱ्या पोलादातही. इथे मराठी वाचकाने थांबून विचार करायला हवा. कार्बनचं पातं झटकन धार घेतं, कागद लोण्यासारखा कापतं, म्हणून जाणकार त्यावर जीव टाकतात. पण त्याला लिंबू, कोकम, कैरी, कांदा यांचा रस लागला की ते काळवंडतं, आणि ओलं राहिलं की गंजतं. रत्नागिरीत किंवा मुंबईत खारट दमट हवेत न पुसता ठेवलेलं कार्बनचं पातं दुसऱ्या दिवशी तांबूस दिसू शकतं. कापल्यावर लगेच पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवणाऱ्या माणसाला ते द्यावं. त्याच्या हातात पात्यावर हळूहळू राखाडी-निळी झाक चढते आणि मग तो चाकू फक्त त्याचाच दिसू लागतो. बाकी सगळ्यांसाठी न गंजणारं.

मुठीचीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. बीच लाकूड पाणी पितं आणि फुगतं, मग पातं फटीत घट्ट बसतं. साव्हुआच्या शेतकऱ्यांची त्यावर युक्ती आहे: मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर हलकेच आपटायचं, पातं आपसूक थोडं बाहेर येतं. सह्याद्रीत श्रावणात फिरणाऱ्या गिर्यारोहकाला ओपिनेल दिला, तर ही युक्तीही सोबत सांगावी. किंवा प्लॅस्टिकच्या मुठीचं रूप निवडावं.

नाव लायोलचं, चाकू कुणाचा?

फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागात, ओब्राकच्या पठारावर, सुमारे हजार मीटर उंचीवर लायोल नावाचं गाव आहे. गुरं राखणारा हा मुलूख. १८२९ मध्ये पिएर-जाँ काल्मेल्स याने तिथे आपला चाकू घडवला. पुढे त्याला एक टोच्या जोडला गेला, जो पोट फुगलेल्या गाईचा वायू काढायलाही गुराख्याच्या कामी येई. १८८० च्या सुमारास बुचाचा स्क्रू आला, कारण या पठारावरची माणसं पॅरिसला जाऊन कॉफीघरं आणि खाणावळी चालवू लागली होती. पोटासाठी गाव सोडून राजधानीत गेलेल्या माणसांबरोबर त्यांचा चाकूही बदलला.

स्प्रिंगच्या टोकावर एक माशी किंवा मधमाशी कोरलेली असते. मुठीवर छोट्या खिळ्यांचा क्रूस असतो. रानात चर्च नसलेला गुराखी चाकू जमिनीत किंवा पावात रोवून त्यासमोर प्रार्थना करी, असं तिथे सांगतात. नेपोलियनने गावाला ही मधमाशी बहाल केली, ही कथा दुकानदार रंगवून सांगतात. तिला इतिहासाचा आधार नाही.

भेट घेणाऱ्याने जाणून घ्यावी अशी मोठी गोष्ट वेगळीच आहे. 'लायोल' हे नाव कुण्या एका कारखान्याचं नाही. ते चाकूच्या एका घाटाचं नाव झालं आहे आणि या नावाने फ्रान्समध्ये तसाच आशियातही माल बनतो. १९९३ मध्ये पॅरिसजवळच्या एका व्यावसायिकाने हे नाव अनेक प्रकारच्या वस्तूंसाठी आपल्या नावावर नोंदवलं. गावाने दाद मागितली, खटले वर्षानुवर्षं चालले. २०१२ मध्ये संतापलेल्या गावकऱ्यांनी निषेध म्हणून गावाच्या नावाची पाटीच उतरवली. २०१९ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. तरी बाजारात आजही दोनशे रुपयांचा लायोल मिळतो आणि काही हजारांचाही. म्हणून पात्यावर 'लायोल' लिहिलंय यावर समाधान मानू नये. त्याच पात्यावर बनवणाऱ्या कारखान्याचं स्वतःचं नाव आहे का, हे पाहावं. मधमाशी स्प्रिंगच्या पोलादातूनच घडवलेली आहे की वरून चिकटवली आहे, हे पाहावं. १९८० च्या दशकात गावात चाकूचं काम पुन्हा उभं राहिलं. फिलिप स्टार्क याने आराखडा केलेल्या तिथल्या एका कारखान्याच्या छतावर अठरा मीटर उंचीचं पातं आभाळात उभं आहे.

ओब्राकच्या उत्तरेला तिएर हे चाकूंचं जुनं शहर. फ्रान्समधले बहुतांश चाकू तिथेच तयार होतात. द्युरोल नदीच्या पाण्यावर दगडी चाकं फिरत आणि धार लावणारे कामगार फळीवर पालथे पडून, चेहरा दगडापासून हातभर अंतरावर ठेवून, दिवसभर पाती घासत. थंडीत पाय गारठू नयेत म्हणून त्यांची कुत्री त्यांच्या पायांवर बसत. जुन्या छायाचित्रांत ती कुत्री दिसतात. आज त्या दरीत लोक चालत जाऊन पडक्या गिरण्या पाहतात, आणि शहरात चाकूचं संग्रहालय आहे.

शेफिल्ड: पोलाद आणि सांबर

इंग्लंडच्या शेफिल्डचं नाव चाकूसाठी चौदाव्या शतकात कवी चॉसरच्या कथेत आलं आहे. तिथल्या कारागिरांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला. हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये ओतलेलं, सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचं न गंजणारं पोलादही शेफिल्डचंच. तो बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करत होता. त्याचा फायदा झाला जगभरातल्या जेवणाच्या टेबलांना. हवेतल्या प्राणवायूशी जुळून क्रोमियम पात्यावर एक न दिसणारा थर धरतं आणि तोच गंज रोखतो. तरीही 'न गंजणारं' म्हणजे कधीच न गंजणारं असं नव्हे. खाऱ्या पाण्यात भिजवून ठेवलं तर तेही डागाळतं.

शेफिल्डच्या जुन्या खिशातल्या चाकूंचा भारताशी थेट धागा आहे. त्यांच्या खडबडीत, तपकिरी-पिवळ्या मुठी बहुधा सांबराच्या शिंगाच्या असत आणि ती शिंगं भारताच्या जंगलांतून जात. सांबराचं शिंग आतून भरीव आणि कठीण असल्यामुळे कारागिरांची त्याला पसंती असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने गळून पडलेल्या शिंगांची निर्यातही बंद केली. आज जुन्या बाजारातला सांबरमुठीचा चाकू भारतात आणण्याचा मोह टाळलेलाच बरा; वन्यजीव कायद्याच्या कचाट्यात आणणारा सापडेल. लाकूड, बैलाचं शिंग किंवा कापड आणि राळ दाबून केलेली मायकार्टा या मुठी तितक्याच टिकाऊ आहेत.

त्या शहरात एकट्याने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाकू घडवणाऱ्यांना 'लिटल मेस्टर' म्हणत. स्टॅन शॉ हा त्यांच्यातला नामवंत. वयाच्या चौदाव्या वर्षी तो एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला आणि नव्वदीपर्यंत काम करत राहिला. त्याच्या चाकूसाठी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं थांबत. २०१७ मध्ये त्याला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं, २०२१ मध्ये तो गेला. अशा हातचा चाकू भेट देणं म्हणजे कुणाच्या तरी आठवड्याभराच्या आयुष्याचा तुकडा देणं.

रामपूर आणि कायदा

मिटवता येणारा चाकू म्हटलं की आपल्या मनात आधी हिंदी सिनेमातला रामपुरी उघडतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी नवाबी काळापासून ही कला जोपासली. पडद्यावरच्या गुंडांनी तिला नाव दिलं आणि बदनामही केलं. पुढे राज्य सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी घातली आणि धंदा आटत गेला. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात वीस फुटी चाकूचं शिल्प उभं राहिलं, शहराच्या हस्तकलेची ओळख म्हणून. आज तिथले उरलेले कारागीर छोटी, कायद्यात बसणारी पाती घडवतात. भारतीय हातचा चाकू द्यायचा असेल, तर तीच घ्यावीत.

भारताच्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं असलेली धारदार शस्त्रं परवान्याच्या कक्षेत येतात; घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. खिशातला चाकू या मर्यादेच्या कितीतरी आत राहतो. तरी महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात सार्वजनिक जागी शस्त्रं बाळगण्यावर बंदीचे आदेश निघत असतात, हे घेणाऱ्याला सांगून ठेवावं. विमानात तो फक्त चेक-इन सामानात जातो. हातातल्या बॅगेत विसरला, तर सुरक्षा तपासणीत जप्त होतो.

परदेशात देण्याआधी तिथला कायदा पाहावा. इंग्लंडमध्ये तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, कुलूप नसलेला मिटता चाकू बाळगायला कारण द्यावं लागत नाही. मात्र पातं कुलूपबंद होत असेल, तर योग्य कारण लागतं. म्हणजे लंडनच्या भाच्याला लाल स्विस 'स्पार्टन' निर्धास्त देता येतो, कडीचा ओपिनेल मात्र घरी स्वयंपाकापुरताच. जपानमध्ये मर्यादा सहा सेंटिमीटरच्या आसपासची आहे आणि लहान चाकूही विनाकारण जवळ बाळगणं तिथे महागात पडू शकतं.

कोणाला काय

कोकणात आंब्याची कलमं बांधणाऱ्या माणसाला सर्वसाधारण चाकू देऊ नये. त्याला कलमाचा चाकू द्यावा. याचं पातं सरळ असतं आणि धार एकाच बाजूने काढलेली असते, म्हणून काप सपाट येतो आणि कोय व काडी एकमेकींना चिकटून बसतात. घेणारा डावखुरा असेल तर हे आधीच विचारावं. एकाच बाजूच्या धारेचा उजवा चाकू डाव्या हाताला तिरका काप देतो; डावखुऱ्यांसाठी वेगळे चाकू मिळतात. साध्या चाकूंतही नखाची खाच बहुधा उजव्या हाताच्या सोयीने असते.

गडकोट फिरणाऱ्याला करवत असलेला स्विस चाकू उपयोगी पडतो, पण तीन थरांहून जाड नको. स्वयंपाकाची आवड असलेल्या मावशीला ८ क्रमांकाचा न गंजणारा ओपिनेल. मुठीचा आकार हातात बसतो, आणि सहलीच्या डब्याबरोबर पेरू-काकडी कापायला विळी न्यावी लागत नाही. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला त्याचं नाव कोरलेला फ्रेंच चाकू शोभतो. नाव मुठीवर किंवा पात्याच्या बुडख्याजवळ कोरावं; धारेजवळ कोरलं तर धार लावता लावता अक्षरं झिजतात.

लहान मुलाला चाकू द्यावा का, यावर घराघरांत वाद होतात. आल्प्सच्या दोन्ही बाजूंना तो लहानपणीच मिळतो. ओपिनेलचा 'माझा पहिला चाकू' हा ७ क्रमांकाचा आहे. त्याचं टोक गोल असतं. व्हिक्टोरिनॉक्सचाही असाच गोल टोकाचा चाकू आहे. आठ-दहा वर्षांचं मूल आणि त्याच्या शेजारी बसणारं मोठं माणूस असेल, तर ही भेट देण्याजोगी आहे.

खोक्यात आणखी काय घालायचं

चाकूबरोबर एक छोटा निसणा द्यावा, एक बाजू खरखरीत आणि दुसरी गुळगुळीत असलेला. सोबत एक सुती फडकं. तेल घरचंच चालतं, मात्र फळं कापायच्या पात्याला खाण्याचंच तेल.

आणि शक्य असेल तर अर्धा तास. निसणा पाण्याने ओला करायचा. पातं दगडाशी सुमारे पंधरा ते वीस अंशांत टेकवायचं, म्हणजे पात्याचा कणा दगडापासून थोडासाच वर राहतो. बुडख्यापासून टोकापर्यंत, दगडावरून पातळ काप काढावा तसं पुढे सरकवायचं. एका बाजूने दहा-बारा वेळा, मग दुसऱ्या बाजूने. धारेच्या पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक कणी जाणवली, की खरखरीत बाजूचं काम झालं. मग गुळगुळीत बाजूवर हलक्या हाताने. कागदाची कड धरून पातं वरून ओढलं आणि कागद न अडता कापला गेला, तर थांबावं. पात्याच्या खिळीत वर्षातून दोन-तीनदा तेलाचा एक थेंब, खिशातली धूळ जमली की आधी कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करून. मिटताना बोटं पात्याच्या वाटेत न ठेवता तळव्याने दाबावं, आणि कापताना धार नेहमी अंगापासून दूर जाईल अशी धरावी. मुलांना शिकवताना मिटलेला चाकू धरलेल्या हाताने अंगाभोवती पूर्ण वर्तुळ काढायला लावतात आणि त्या वर्तुळात कुणी नसेल, तरच पातं उघडायचं, हा नियम पाठ करून घेतात.